बार उडाला की मी निघालो

आमच्या स्कारविक गावात ब्रोजकाकांना एखादं काम सांगणं सोपं होतं. ते थांबवायला मात्र आठवणीने सांगावं लागे. एका हिवाळ्यात चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा कंबर धरून बसला, तेव्हा पाद्री काकांना म्हणाले, "तेवढं तुम्ही बघाल का?" काका म्हणाले, "बघतो." म्हातारा वसंतात बरा झाला, पुढे दोन वर्षांनी वारला, पाद्रीही बदलून गेले, आणि काका दर रविवारी घंटा वाजवतच राहिले. अकरा वर्षांनी नव्या पाद्र्यांनी सहज विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही का येत. काका म्हणाले, "येतो की. पण बस म्हणून कुणी सांगितलंच नाही."

गाव हसलं, मीही हसले. या स्वभावाची झळ एक दिवस मलाच लागणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

पूर्ण नाव अँब्रोज व्हेरिल. माझे सख्खे काका नव्हेत, पण आमच्याकडे बापाच्या वयाच्या प्रत्येक माणसाला काकाच म्हणतात. धक्क्यावरच्या होड्यांच्या कारखान्यात ते इंजिनं दुरुस्त करायचे. इंजिन बिघडलं की डोराकाकूंचा लाकडी डाव उलटा धरून त्याचा दांडा इंजिनाला टेकवायचे, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचे. मग एका वाक्यात दुखणं सांगायचे. काकूंचे तीन डाव यात गेले. चौथा त्यांनी कपाटात कुलपात ठेवला होता.

याच कानासाठी ते लाइफबोटीच्या इंजिनावर होते. समुद्रात कुणी संकटात सापडलं की किनाऱ्यावरच्या बोटघराजवळून आकाशात दोन बार उडवतात. त्या आवाजासरशी बोटीवरचे सात पुरुष हातातलं टाकून उताराने खाली पळतात आणि गावातल्या बायका दोर ओढून बोट पाण्यात लोटतात. मीही बारा वर्षांची असल्यापासून दोर ओढत आले. पगार कुणालाच नाही, आणि तो असावा असं कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून आमच्या गावात नोकरी धरायची एक रीत आहे. मालक काम सांगतो, वेळ सांगतो, मजुरी सांगतो. सगळं कबूल केल्यावर माणूस म्हणतो, "पण बार उडाला की मी निघालो." त्यावर मालकाने म्हणायचं, "दार लावून जा." एवढं झालं की नोकरी पक्की. भट्टीवाला पाववाला असो, मासे धुरात सुकवणारा असो, खुद्द शाळेचे हेडमास्तर असोत, हे उत्तर दिल्याशिवाय स्कारविकमध्ये कुणाला माणूस मिळत नाही.

ब्याऐंशीच्या सप्टेंबरात कारखाना बंद पडला आणि काका चौपन्नाव्या वर्षी बेकार झाले. दर दुसऱ्या बुधवारी ते बसने अकरा मैल हॅलबीला यायचे, बेकारभत्त्याच्या ऑफिसात सही करायला. तिथे खिडकी क्रमांक तीनमागे मी बसायचे.

भत्त्याची अट ऐकायला साधी आहे. माणूस कामासाठी उपलब्ध हवा. म्हणजे आज नोकरी दिली तर उद्या सकाळी दारात उभा राहायला मोकळा हवा. आजारी चालत नाही, परगावी गेलेला चालत नाही, हे काम नको आणि ते अंतर नको म्हणणारा तर मुळीच चालत नाही. गावात या शब्दाची चेष्टा व्हायची. आमच्या लाइफबोटीचा तांडेल जॉस लीडली दारूच्या गुत्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणायचा, "मी घरकामाला कधीच उपलब्ध नसतो, बायकोला विचारा. तरी ती मला जेवायला घालते. सरकार तिच्याहून कडक निघालं."

ऑक्टोबरात नवा फॉर्म आला. त्यात सातवा प्रश्न होता: ताबडतोब काम सुरू करण्यास किंवा चालू ठेवण्यास अडथळा येईल असे काही आहे काय? खाली दोन ओळी रिकाम्या. सकाळपासून साठ माणसांनी तिथे 'नाही' लिहून फॉर्म सरकवले होते. काकांनी चष्मा लावला, प्रश्न दोनदा वाचला आणि पेन उचललं. मला लक्षण ठीक दिसेना.

"काका, तिथे 'नाही' लिहायचं," मी हळूच म्हटलं.

"का?"

"सगळे तेच लिहितात."

"सगळे लाइफबोटीवर नसतात."

"अहो, पण विचारतंय कोण? कागद आहे तो."

"कागदानेच विचारलंय ना? मग त्याला खरं सांगायला नको?"

आणि त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: बार उडाला की मी निघालो. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. रांग मागे कुरकुरत होती. मला वाटलं, पावती हवी असेल. पावती दिली, तरी ते क्षणभर थांबले. मग टोपी घालून गेले. ते कशाची वाट बघत होते, हे मला बसमध्ये घरी जाताना उमगलं. इतकी वर्षं त्या गावात काढून मला उमगायला संध्याकाळ लागली, याचा मला अजून राग येतो.

तो फॉर्म मी फाडू शकले असते. नवा घेऊन स्वतः 'नाही' खरडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण माझ्या खुर्चीमागे पिमसाहेब उभे होते. पिमसाहेब आमचे वरिष्ठ. वाईट नव्हेत, पण कागदावर वेगळं काही दिसलं की त्यांना हुरूप यायचा. त्यांनी खांद्यावरून हात घालून फॉर्म उचलला आणि म्हणाले, "हे काय? कसला बार?"

पुढच्या आठवड्यात काकांना आतल्या खोलीत बोलावलं. लिहून घ्यायला मी बसले होते.

"मिस्टर व्हेरिल, हा बार तुम्हाला कुठपर्यंत ऐकू येतो?" साहेबांनी विचारलं.

काकांनी नीट विचार केला. "वारा पूर्वेचा असला तर वरच्या शेतापर्यंत. पश्चिमेचा असला तर चर्चच्या पुढे नाही."

"आणि हॅलबीत?"

"हॅलबीत कसा येईल? अकरा मैल आहे."

"म्हणजे उद्या इथे हॅलबीत नोकरी दिली, तर तुम्ही घेणार नाही."

मी पेन धरून मनात म्हणत होते, घेईन म्हणा काका, एवढं एक घेईन म्हणा. ते म्हणाले, "मग इंजिनावर कोण राहील?"

"तो प्रश्न या ऑफिसचा नाही," साहेब म्हणाले, आणि मी तेही लिहून घेतलं. काका उपलब्ध नाहीत असा शेरा पडला. भत्ता बंद झाला.

नोव्हेंबर संपत आला तरी बंदच. पावाच्या दुकानात डोराकाकूंनी मला गाठलं. बाई तोंडाने फटकळ. "विने, तुझ्या साहेबाला सांग, माझा नवरा चोवीस तास उपलब्ध आहे. सकाळपासून चुलीपुढे बसून माझं डोकं खातो. कुणीतरी त्याला घेऊन जा." दुकानातल्या बायका हसल्या. मग काकूंनी माझी बाही धरून मला बाहेर नेलं आणि आवाज उतरला. घरात कोळसा फक्त रविवारी पेटत होता. काका रात्रीचं जेवण भूक नाही म्हणून टाळायला लागले होते, आणि ते खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात, हे बायकोला कळल्याशिवाय राहत नव्हतं.

"त्याला मी 'नाही' लिहायला लावीन," काकू म्हणाल्या. "माझं तो ऐकेल. पण विने, त्याने एकदा लिहिलं की तो ते पाळेल. हे तुमच्या ऑफिसला कळतं का?"

"आधी भत्ता तर सुरू होऊ दे, काकू," मी म्हटलं. "पुढचं पुढे बघू."

हे मी बोलले. जसंच्या तसं आठवतं.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी काका आले. नवा फॉर्म मागितला. सातव्या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं, नाही. त्या दोन अक्षरांना त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी दुसऱ्या दोघांचं काम उरकलं असतं. पिमसाहेब आनंदाने म्हणाले, "बघा, अडचण नव्हतीच." माझ्या जिवात जीव आला. घरी जाऊन मी ल्यूकला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं की सुटलं एकदाचं. ल्यूक खेकड्यांचे पिंजरे विणत बसला होता. तो म्हणाला, "सुटलं? ब्रोजकाकांनी दुपारी बोटघराची किल्ली जॉसच्या हातात ठेवली. पिवळा रेनकोट खुंटीला टांगला आणि घरी गेले."

मी तशीच चपला घालून त्यांच्याकडे गेले. जॉस आधीच तिथे बसून घसा फोडत होता.

"अरे ब्रोज, कागदावर लोक काय वाट्टेल ते लिहितात. मी माझ्या होडीच्या कागदावर माझं वजन सत्तर किलो लिहिलंय. बघ माझ्याकडे."

"तू लिहिलंस. मी नव्हतं लिहायला पाहिजे, पण लिहिलंय."

"काका," मी म्हटलं, "हॅलबीत नोकरीच नाहीये. फळ्यावर तीन महिन्यांत एक चिठ्ठी लागली नाही. तुम्हाला कोण बोलावणार आहे?"

"बोलावलं तर?"

"बोलावलं तर तेव्हा बघा."

"पोरी, कागदात 'तेव्हा' नाहीये. अडथळा आहे का असं विचारलंय. मी नाही म्हटलं. आता उद्या बार उडाला आणि मी पळालो, तर मी काय ठरलो?" ते माझ्यावर चिडले नव्हते, आणि तेच मला सोसवत नव्हतं. "तूच दिलास ना कागद," एवढंच म्हणाले.

इंजिनावर पाववाल्याचा पुतण्या केनेथ आला. माणूस पस्तिशीचा, कामसू, पण व्हॅन चालवणारा. समुद्राच्या इंजिनाची त्याला सवय नव्हती. काकांनी त्याला आठ दिवस स्वैपाकघरात बसवून कागदावर चित्रं काढून सगळं समजावलं. बोटघरात जाऊन दाखवायला मात्र ते तयार झाले नाहीत.

जानेवारीत एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला बार उडाले. मी तापामुळे रजेवर होते, तरी दोराला गेले. डेन्मार्कचं एक मालवाहू गलबत आमच्या दक्षिणेच्या खडकांवर चढलं होतं. काकांचं घर उताराच्या कडेलाच आहे. ते दारात उभे होते, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. आम्ही सगळ्या त्यांच्यासमोरून पळत गेलो आणि एकीनेही तिकडे मान वळवली नाही.

बोट पाण्यात गेली, लाटेवर चढली आणि इंजिन बंद पडलं. बोट आडवी होऊन हेलकावे खायला लागली. केनेथ खाली वाकून धडपडत होता आणि जॉस ओरडत होता. इंजिन खोकायचं, गप्प व्हायचं, पुन्हा खोकायचं. मी मागे वळून पाहिलं. काका घर सोडून कठड्यापर्यंत आले होते. मान तिरकी करून ऐकत होते. काय बिघडलंय ते त्यांना तिथूनच कळलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पंचवीस मिनिटांनी इंजिन लागलं.

गलबतावरचे चार जण जिवंत आणले. पाचवा, त्यांचा स्वयंपाकी, खडकाला धरून राहिला होता. बोट पोचण्याच्या जरा आधी त्याचे हात सुटले. थोर्किल त्याचं नाव. त्याच्याकडचं कुणी आलं नाही, म्हणून आमच्याच चर्चमागे त्याला पुरलं. त्या दिवशीही घंटा काकांनीच वाजवली. गावात कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझी झोप गेली. ल्यूक रोज पहाटे होडी घेऊन एकटा समुद्रावर जायचा आणि मी ऑफिसात बसून खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत वाऱ्याचा अंदाज घ्यायचे. दर दुसऱ्या बुधवारी काका रांगेत असायचे. "काम केलंत का?" मी विचारायचे. "नाही." "कामासाठी उपलब्ध आहात का?" "आहे." सही. नियमाने हे दोन प्रश्न मला प्रत्येकाला मोठ्याने विचारावेच लागायचे. ते माझ्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, मीही त्यांच्याकडे बघायचे नाही. हॅलबीतून नोकरीची एकही चिठ्ठी निघाली नाही.

मार्चमधला शनिवार. ऑफिसला सुट्टी. सकाळी समुद्र शहाण्यासारखा पसरला होता, म्हणून ल्यूक पिंजरे उचलायला गेला होता. अकराला ईशान्येचा वारा सुटला आणि अर्ध्या तासात खाडीच्या तोंडावर पांढऱ्या लाटांची भिंत उभी राहिली. चार होड्या परत आल्या. ल्यूकची आली नाही. मी चुलीवरचा रस्सा उतरवला आणि पुन्हा चढवला आणि पुन्हा उतरवला. बाराला पाच मिनिटं असताना बार उडाले. एक. दोन.

मी कोटात एक हात घातला होता, तोच दार वाजलं. उघडलं तर ब्रोजकाका. धापा टाकत होते, टोपी नव्हती.

"विने, माझं नाव काढ."

"काय?"

"तुझ्या यादीतून माझं नाव काढ. आत्ताच्या आत्ता. मला भत्ता नको."

आणि मी काय बोलले असेन? आठ वर्षं त्या खिडकीमागे बसून माझ्या जिभेला जी सवय लागली होती, तिने उत्तर दिलं. "आज शनिवार आहे, काका. ऑफिस सोमवारी उघडेल."

माझा नवरा समुद्रात होता आणि मी हे बोलले.

काका उंबऱ्यावर उभे. खाली उतारावरून बुटांचे आवाज येत होते. त्यांचं सगळं अंग खाली जायला ओढत होतं, पण पाय हलत नव्हता. "तूच ऑफिस आहेस ना?" ते म्हणाले. "तू सांग. मला दुसरं कोण सांगणार? बार उडालाय. मी निघालो."

तेव्हा मला बसमधली ती संध्याकाळ आठवली. ऑक्टोबरपासून हा माणूस एका उत्तरासाठी थांबला होता.

"काढलं नाव," मी म्हटलं. "दार लावून जा, काका."

त्यांनी खरंच माझं दार ओढून घेतलं, कडी नीट बसली का पाहिलं आणि मग पळाले. चौपन्न वर्षांचा माणूस तसा पळताना मी पुन्हा कधी पाहिला नाही. मी मागोमाग दोराला गेले. डोराकाकू आधीच पुढच्या जागी उभ्या होत्या. त्यांनी सरकून मला शेजारी घेतलं. "ओढ," म्हणाल्या, "रडायचं नंतर." आम्ही ओढलं. बोट लाटेत शिरली, इंजिन एकदाच गुरगुरलं आणि लागलं ते लागलंच. एका सुरात, न खोकता. इंजिनावर कोण आहे ते सगळ्या बायकांना न बघता कळलं.

दोन तास दहा मिनिटं आम्ही कठड्यावर उभ्या होतो. मी काही प्रार्थना वगैरे केली नाही, मला सुचलीच नाही. मी तो इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. वाऱ्यात जायचा, परत यायचा. बोट परत आली तेव्हा ल्यूक ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला, ओठ निळे, आणि पहिलं वाक्य काय तर, "चाळीस पिंजरे गेले." मी त्याच्या थोबाडीत द्यायला हात उचलला आणि त्याच्या गळ्यात पडले.

सोमवारी सकाळी दिलेल्या शब्दाप्रमाणे मी काकांचं नाव काढायला बसले. नाव स्वतःहून काढून घेतलं तर कोणता क्रमांक टाकायचा, ते मला पाठ नव्हतं. कपाटावरचं नियमांचं जाडजूड पुस्तक मी खाली घेतलं. धूळ झटकली. क्रमांक शोधता शोधता एक पान जास्त उलटलं गेलं. तिथे लिहिलं होतं: लाइफबोटीवर जाणारी किंवा ती पाण्यात लोटणारी व्यक्ती त्या कामात असतानाही रोजगारासाठी उपलब्ध आहे असे मानावे.

मी ते चार वेळा वाचलं. मग पुस्तक उचलून पिमसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "अरे," ते म्हणाले, "हे इथे आहे होय." आणि बशीतलं बिस्किट माझ्यापुढे केलं. त्या बिस्किटाचं मी काय केलं ते इथे सांगत नाही, पण त्या खोलीतला गालिचा नंतर झाडावा लागला.

हॅलबीत खरंच नोकरी लागली असती तर तो वेगळा प्रश्न होता. पण ती लागलीच नाही. तोवर काकांनी बिनदिक्कत 'नाही' लिहायचं आणि प्रत्येक बाराला पळायचं, एवढं साधं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या असत्या. सरकारने ते छापून ठेवलं होतं, आणि ते वाचायचा पगार मला मिळत होता.

संध्याकाळी चहाच्या वेळेला मी त्यांच्याकडे गेले. काका खुर्चीत बसून बुटांना चरबी चोळत होते. डोराकाकूंनी चुलीत कोळसा टाकला होता, वार सोमवार असूनही. मी ती ओळ एका कागदावर उतरवून नेली होती. काकांनी चष्मा लावला, दोनदा वाचली.

"ही ओळ नवी आहे?"

"नाही, काका."

"ऑक्टोबरात होती?"

"होती."

"जानेवारीत?"

"होती."

काकूंनी हातातली किटली खाली ठेवली. मला वाटत होतं, मला शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं. काकांनी कागदाची नीट चौघडी केली आणि स्वेटरच्या आत ठेवली. "तू वाचलं नव्हतंस," ते म्हणाले.

"नाही."

"मीही विचारलं नाही. मला वाटलं, कागद विचारतोय म्हणजे त्याला सगळं ठाऊक असेल." मग बूट पुन्हा हातात घेतला. "उद्या गेलीस की ते पुस्तक पहिल्या पानापासून वाच."

मी वाचलं. चारशे बारा पानं होती, दुपारच्या सुट्टीत रोज थोडी. सात आठवडे लागले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत खिडकी क्रमांक तीनची रांग सगळ्यांत लांब असायची, कारण माणसाला सोडवणारी एखादी ओळ पुस्तकात असेल तर ती मी त्याला आधी वाचून दाखवायचे आणि मगच पेन द्यायचे. साहेब लोक वैतागायचे. वैतागू देत.

काकांनी त्याच आठवड्यात नवा फॉर्म भरला. सातव्या प्रश्नाखाली पुन्हा तेच लिहिलं, बार उडाला की मी निघालो, आणि शेजारी मी नियमाचा क्रमांक टाकला. भत्ता सुरू झाला. इंजिनावर ते साठीपर्यंत राहिले.

दर रविवारी घंटा वाजवून झाली की ते चर्चमागे जायचे आणि थोर्किलच्या कबरीवरचं गवत काढायचे. गुडघे टेकून, एकेक पातं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे गुडघे धरायला लागले तरी चालूच. एकदा मला राहवलं नाही. मी त्यांच्याशेजारी खाली बसले आणि म्हटलं, "काका, आता बस करा."

त्यांनी मान वर केली नाही. "हे बस म्हणायचं तुझ्या हातात नाही, पोरी," ते म्हणाले आणि माझ्या बाजूचं गवत मला दाखवलं.